जादा तीन रांगा

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. डायरी ऑफिसनेच दिली. मुखपृष्ठावर आमचा पफिन पक्षी, चोच रंगीत, पोट सुटलेलं. शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने स्वतःकडे जरा नीट बघायला हवं.

वजन एकशे चार. सेंट पॅट्रिकच्या सणापर्यंत नव्वद करायचं, मनाशी पक्कं. रोज सकाळी समुद्रात पोहायचं. आज नाही, आज वारा आहे.

आजपासून मी पफिन एअरचा प्रवासी-सुख विभागप्रमुख. विभागात मी एकटाच असल्यामुळे निवड बिनविरोध झाली असणार, असं ऑर्ला म्हणाली. गणित शिकवणाऱ्या बाईशी लग्न केलं की सतरा वर्षांनंतरही प्रत्येक आनंदातून काहीतरी वजा होतं.

मंगळवार, ९ जानेवारी

कंपनीच्या सर्वेसर्वा हार्नेट मॅडमनी बोलावलं. उभ्याउभ्याच बोललो. त्यांच्या खोलीत पाहुण्यासाठी खुर्ची नाही, त्यामुळे मीटिंगा लवकर आटपतात. हुशार बाई.

काम असं: आपल्या विमानात तीस रांगा आहेत, म्हणजे एकशे ऐंशी माणसं. मे महिन्यापर्यंत तेहतीस रांगा हव्यात, म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव. मी विचारलं, विमान लांब करणार का. मॅडम माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की विमान तेच राहील, आणि काम सुख विभागाकडे दिलंय ते एवढ्यासाठीच, की लोकांना जागा वाढल्यासारखी वाटली पाहिजे.

असा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता.

रविवार, १४ जानेवारी

बाबांना रविवारचा फोन. गावी लिस्टोलला पाऊस, कुत्रा बरा, गुडघा आहे तसाच. अठ्ठ्याऐंशी साली बसच्या पायरीवरून घसरले, उजव्या गुडघ्यात पट्टी बसवली, तेव्हापासून तो पाय वाकलेला नाही. तरी त्याच पायाने पुढे पंधरा वर्षं बस चालवली. कशी, ते विचारायचं नाही.

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मॉस काकांना १८ मेला पंच्याऐंशी पूर्ण होतात. तिथल्या आयरिश क्लबात जेवण आहे. भावाभावांची सहा वर्षांत भेट नाही. काकांना झटका येऊन गेल्यापासून बोलताना शब्द अडतात, त्यामुळे दोघे फोनवर नुसते एकमेकांचा श्वास ऐकत बसतात. ‘पुढच्या वर्षी’ वगैरे आता कोणी म्हणत नाही.

बाबा नेहमीसारखे बोटीने जाणार होते. मी म्हटलं, मुलगा विमान कंपनीत प्रमुख आणि बाप बोटीने जाणार? पन्नास मिनिटांत पोचवतो. बाबांनी विचारलं, पायाचं काय. मी म्हटलं, बाबा, ती खुर्ची मीच बनवतोय.

गप्प झाले. भारावले असणार.

बुधवार, २४ जानेवारी

यारेकबरोबर बैठक. यारेक आमचा इंजिनिअर, पोलंडचा. वीस वर्षं डब्लिनमध्ये काढली, अजून हसायला शिकला नाही. त्याने कागदावर काढून दाखवलं: आत्ता एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत तीस इंच. तेहतीस रांगा बसवल्या तर सत्तावीस. मागची दोन्ही स्वच्छतागृहं काढली तर अठ्ठावीस.

मी म्हटलं, अठ्ठावीस म्हणजे पुष्कळ झाले. तो म्हणाला की माणसाचं मांडीचं हाड मात्र तेवढंच राहणार.

माणूस चांगला आहे. दृष्टिकोन सुधारायला हवा. त्याला म्हटलं, खुर्चीची पाठ बारीक कर, इस्त्रीच्या फळीएवढी. त्याने ते लिहून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं. श्रेय द्यायला कचरत नाही.

पोहणं अजून सुरू नाही. पाणी आठ अंश आहे म्हणतात.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

नमुन्याच्या खुर्च्या आल्या. मीटिंगच्या खोलीत तीन रांगा मांडल्या आणि लोकांना बसवून मतं घेतली. जे रिकामे सापडले त्यांनाच बोलावलं: हिशेब खात्यातल्या चार बायका, स्वागतकक्षातल्या दोघी, कँटीनच्या मावशी वगैरे. योगायोगाने सगळ्याच पाच फुटांच्या आसपासच्या निघाल्या. अकरापैकी अकरा समाधानी. कँटीनच्या मावशींना तर उठावंसंच वाटेना.

यारेकने विचारलं, तुम्ही नाही बसत? बसलो की. सहा फूट दोन इंचांचा माणूस आहे मी, लपवण्यासारखं काही नाही. जरा तिरकं बसावं लागलं, कारण अंगात जाड कोट होता. उठताना यारेकने हात दिला. गरज नव्हती, पण अशाने माणसं जोडली जातात.

वजन एकशे पाच. कोट घालून केलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज शब्दांचं काम. हा माझा खरा प्रांत.

खुर्ची मागे कलणार नाही, तिला ‘कणास्नेही बैठक’ म्हणायचं. समोरचं पुस्तकाएवढं फळकूट म्हणजे ‘आटोपशीर मेज’. मासिकं ठेवायचा खिसा काढून टाकला त्याला ‘गुडघ्याला मोकळीक’. स्वच्छतागृह पुढे एकच उरतं, तिथे जरा अडलो. मग लक्षात आलं की तासाभराच्या प्रवासात लोक उठतात ते मुख्यतः कंटाळा आला म्हणून. त्यांना गुंतवून ठेवलं की झालं. ‘दाटी’ हा शब्द विभागात वापरायचा नाही असा नियम केला आणि विभागाने तो मान्य केला.

संध्याकाळी अकरा पानांचा अहवाल ऑर्लाला वाचायला दिला. ती पोरांचे पेपर तपासत बसली होती. तिने शेवटच्या पानावर लाल पेनाने ‘पायऱ्या दाखवा’ असं लिहून परत केला. त्या पेपरांच्या नादात लिहिलं असेल.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

माझ्या खोलीत आणखी दोन टेबलं आली. एकावर सामान विभागाच्या बाई, दुसऱ्यावर सुरक्षा विभागाचा मनुष्य. विभागांनी एकमेकांच्या जवळ यावं असं मॅडमना वाटतं. आलो आहोत. दार उघडायचं झालं तर सामानवाल्या बाईंना उठावं लागतं, आणि त्या उठल्या की सुरक्षावाल्याला आत सरकावं लागतं. दुपारी जेवायला तिघेही एकदमच बाहेर पडलो. एकोपा वाढतो आहे.

सोमवार, ११ मार्च

बाबा गुडघ्याच्या तपासणीसाठी डब्लिनला आलेत. डॉक्टर म्हणाले, आहे तसाच राहील. तिथून त्यांना थेट ऑफिसात आणलं, खुर्ची दाखवायला. टाय लावून आले होते.

बाबा बसले. म्हणजे बसायला सुरुवात केली. डावा पाय आत गेला. उजवा बाहेर, सरळ, मधल्या वाटेत. यारेकने वाकून बघितलं, कँटीनमधून एक साधी लाकडी खुर्ची आणून बाबांना दिली. तिच्यावर मात्र बाबा ऐटीत बसले आणि विचारलं, एकूण किती माणसं बसणार. मी आकडा सांगितला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं की तुम्ही नाही का शुक्रवारच्या ट्रलीच्या बसमध्ये पन्नासाच्या जागी नव्वद भरायचात.

“भरायचो,” बाबा म्हणाले. “पावसात रस्त्यावर कोणी राहू नये म्हणून भरायचो. शेवटची बस असायची ती. तू कोणासाठी भरतोयस?”

मी म्हटलं, प्रवाशांसाठीच, तिकीट स्वस्त होतं. बाबांनी विचारलं, किती स्वस्त. ती माहिती दुसऱ्या विभागाकडे असते.

यारेक बाबांना पार बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला. मला अहवाल पुरा करायचा होता.

मंगळवार, १२ मार्च

आंघोळ करताना उपाय सुचला. पहिली रांग! उजव्या बाजूची, वाटेजवळची जागा. पुढे खुर्चीच नाही, दारापर्यंत सगळं मोकळं. बाबांचा पाय राहील आणि वर टोपी ठेवायलाही जागा उरेल. म्हणजे दोष खुर्चीत नव्हताच, बसवण्यात होता. लगेच अर्ज भरून दिला, बाबांना फोन केला. ‘बरं’ म्हणाले. मग विचारलं, नक्की ना. म्हटलं, बाबा, मी विभागप्रमुख आहे.

सेंट पॅट्रिक पाच दिवसांवर. नव्वद आता इस्टरपर्यंत.

गुरुवार, ४ एप्रिल

पहिलं विमान तयार. आज रंगीत तालीम. कंपनीतली एकशे अठ्ठ्याण्णव माणसं गोळा करून बसवली. चढायला एक तास दहा मिनिटं लागली. पुढच्या वेळी सवय झालेली असेल. एकोणतिसाव्या रांगेतला जाहिरात विभागाचा माणूस पुढच्या स्वच्छतागृहाकडे निघाला, बाराव्या रांगेपर्यंत पोचला आणि विचार बदलून परत गेला. वाटेत त्याच्या अकरा जणांशी ओळखी झाल्या.

मग विमान ठरलेल्या वेळात रिकामं करायचं होतं. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिसऱ्या वेळी मला कल्पना सुचली आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. सगळे वेळेच्या आत खाली. तपासनीस साहेबांनी सही केली.

यारेकने विचारलं, खरोखरच आग लागली तर जेवण जाहीर करायचं का.

नोंद: यारेकशी एकदा मोकळेपणाने बोलायला हवं.

वजन एकशे सहा. तालमीत प्रत्येकाला सँडविच होतं, एकवीस उरली.

शुक्रवार, १९ एप्रिल

सकाळी रेडिओवर मुलाखत. आवाज चांगला लागला. किलकेनीच्या टायनन नावाच्या बाईंनी फोन केला. त्या परवा नव्या विमानाने जाऊन आल्या. म्हणाल्या, पुढच्या माणसाच्या मानेवरचे तीळ मोजून झाले, नऊ आहेत, त्यातला एक डॉक्टरला दाखवायला हवा, तो माणूस ऐकत असेल तर त्याने दाखवावा. मी म्हटलं, बघा, प्रवाशांमध्ये आपुलकी निर्माण होते आहे. मुलाखत घेणारा खोकला.

मग त्याने विचारलं, तुम्ही स्वतः कधी बसून गेलात का. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हणालो, अजून योग आला नाही, पण १८ मेला मी माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन चाललो आहे, आमच्याच विमानाने, नव्या रांगेत.

‘नव्या रांगेत’ हे शब्द कुठून आले ठाऊक नाही. बोलण्याच्या ओघात येतात.

घरी आलो तर ऑर्लाने रेडिओ बंद केलेला होता. म्हणाली, ऐकलं.

शुक्रवार, ३ मे

मॅडमनीही ऐकलं होतं. आजवर इतक्या खूश कधी दिसल्या नव्हत्या. जाहिरातीसाठी फोटोग्राफर बरोबर येणार: बाप आणि लेक, बत्तिसावी रांग. मी बाबांच्या पहिल्या रांगेच्या अर्जाची आठवण केली. त्या म्हणाल्या, पहिली रांग आता ‘ऐसपैस’ नावाने जादा पैशाला विकतो, १८ तारखेची कधीच गेली. ‘ऐसपैस’ हा शब्द माझ्याच अहवालातला आहे. बरं वाटलं.

गुडघ्याचं बोलणार होतो, पण मॅडमना दुसरी मीटिंग होती. आणि पन्नास मिनिटं म्हणजे काय? माणूस चर्चमध्ये त्याहून जास्त वेळ अवघडून बसतो.

बाबांना रविवारी सांगेन.

रविवार, ५ मे

मॅच चालू होती. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, १७ मे. संध्याकाळी ६

बाबा आले. नवी टोपी, जुना सूट, बुटांना असं पॉलिश की वाकून बघितलं तर चेहरा दिसावा. मॉस काकांसाठी भेट काय आणली, तर घरामागच्या दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या मातीचं एक ढेकूळ, वर्तमानपत्रात गुंडाळून. दोघे लहानपणी ती माती कापायला जायचे. मी म्हटलं, विमानतळावर विचारतील. बाबा म्हणाले, विचारू दे, सांगेन.

जेवताना बाबा खुशीत होते. मॉस काकांनी शाळेत कोणाच्या डब्यात बेडूक ठेवला होता ते सांगितलं. मध्येच ऑर्लाला म्हणाले, पहिल्या रांगेत बसतोय मी उद्या, पोराने सोय केलीय. ऑर्लाने माझ्याकडे बघितलं. मी बटाटे वाढून घेतले.

नंतर भांडी विसळताना तिने हळू आवाजात विचारलं, “ते बसू शकले नाहीत तर तू काय करणार आहेस?”

असले प्रश्न काम करणाऱ्या माणसाने स्वतःला विचारायचे नसतात. ओघात सांगेन म्हटलं. तिला यायचं होतं पण शाळेत परीक्षा आहेत. तेच बरं.

शनिवार, १८ मे. सकाळी ६.५०, विमानात

बत्तिसावी रांग. खिडकीशी एक विद्यार्थिनी, मधे मी, वाटेजवळ बाबांची जागा. फोटोग्राफर पलीकडे. रांगेचा आकडा बाबांनी दोनदा बघितला. टोपी काढून हातात धरली.

७.०५

डावा पाय आत. उजवा वाटेत.

७.२०

हवाई सेविका आना, पोर्तुगालची, अत्यंत नम्र. वाटेत पाय असला तर दार बंद करता येत नाही, नियम आहे. बाबांनी तिरकं बसून पाहिलं. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून आत ओढायला लागले. तोंड पांढरं पडलं, पण आवाज काढला नाही. आनानेच त्यांचे हात धरून थांबवलं.

ती पुढे जाऊन पहिल्या रांगेत विचारून आली. तिथले तिघे जादा पैसे देऊन बसलेले. एकाने वर्तमानपत्र उघडलं, बाकीचे दोघेही त्यातच बघू लागले. मग कॅप्टनने सांगितलं की एका प्रवाशामुळे उशीर होतो आहे. सगळं विमान मागे वळून बघायला लागलं. म्हणजे ज्यांना मान वळवता आली ते.

बाबा उठले. वरून ते ढेकूळ काढलं, टोपी घातली. “तू बस, फर्गस,” म्हणाले. “लोकांचा खोळंबा होतोय.”

मी उठायला निघालो होतो. इथे स्पष्ट लिहून ठेवतो की निघालो होतो. पण पट्टा, पुढची पाठ, शेजारच्या मुलीची पिशवी. उठायला वेळ लागतो, यारेकने तो मोजलेला आहे. तेवढ्यात बाबा विसाव्या रांगेपर्यंत पोचले होते, खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत. शिवाय कंपनीचं नाव पणाला लागलं होतं. फोटोग्राफरही थांबला होता. त्याने विचारलं, सुरू करू या?

७.५५

उडालो. शेजारची जागा मोकळी आहे. पाय तिकडे पसरले.

खरं सांगायचं तर खुर्ची आरामशीर आहे.

दुपारी ३, कॉव्हेंट्री

क्लबात साठेक माणसं. हॅम, बटाटे, क्रीमचा केक. मॉस काका फारच बारीक झालेत. टेबलाच्या टोकाला बसलेत आणि डावा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. मला बघून माझ्या मागे बघितलं. “डो... डोनल?” एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, येतायत, मागच्या विमानाने. मागचं विमान आज नाहीये, पण काकांना ते माहीत असायचं कारण नाही. बाबांचा फोन दुपारपासून लागत नाही. अर्ध्या तासाने काकांच्या मुलीने ती खुर्ची कोणाला तरी द्यायला हलवली, तर काकांनी तिच्या हातावर चापट मारली.

जेवलो थोडंसंच. केक दोनदा, आग्रह झाला म्हणून.

संध्याकाळी ५.१५

बाबा आले.

सव्वाआठची बोट मिळाली. बोटीवर टिपेरारीचा एक लॉरीवाला भेटला, त्याला कॉव्हेंट्रीलाच माल टाकायचा होता. त्याने बाबांना पुढे स्वतःच्या शेजारी बसवून आणलं, पाय सरळ ठेवायला जागा करून दिली, वाटेत चहा पाजला. बाबांनी त्यालाही आत आणलं आणि जेवायला बसवलं.

मॉस काकांनी वर्तमानपत्र सोडलं, ढेकूळ नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसेच बसले. मग “उशीर केलास,” म्हणाले. स्पष्ट, एकही अक्षर न अडता. काकांची मुलगी रडायला लागली. बाबा त्या खुर्चीवर बसले, पाय लांब केला, लोक त्याला वळसा घालून जात-येत राहिले, कोणाचंच काही अडलं नाही.

कोणीतरी विचारलं की मुलगा सकाळीच आला आणि तुम्ही आत्ता कसे. बाबा म्हणाले, फर्गसचा काही दोष नाही, माझाच पाय आडवा आला. मीही तेच सांगितलं.

रविवार, १९ मे

बाबा बोटीने परत जाणार. येतोस का बरोबर, म्हणाले, डेकवर गप्पा मारत जाऊ. पण माझं परतीचं तिकीट बदलता येत नाही. त्याला आम्ही ‘निश्चिंत तिकीट’ म्हणतो. बाबांनी खांद्यावर थोपटलं आणि लॉरीवाल्याचा नंबर सापडतो का ते बघायला लागले.

बुधवार, २२ मे

जाहिरात सगळ्या वर्तमानपत्रांत. अर्धं पान. मी: हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, पाय ऐसपैस, हसतोय. वर मोठ्या अक्षरांत ‘पाय पसरा!’ मॅडमनी स्वतः येऊन हात मिळवला, दारातूनच, कारण आत यायला जागा नव्हती. म्हणाल्या, एवढं यश आलंय तर चौतिसावी रांगही बघू या.

यारेक जाहिरात बराच वेळ बघत होता. म्हणाला, रिकामी खुर्ची छान आली आहे.

घरी वर्तमानपत्र पालथं पडलेलं होतं. वाऱ्याने असेल.

बुधवार, २९ मे

मॅडमनी बोलावलं. उभ्याउभ्याच. म्हणाल्या, प्रवाशांचं सुख आता साधलं गेलेलं आहे, फोटोत सगळ्या देशाने बघितलं, तेव्हा त्यासाठी निराळा विभाग ठेवायचं कारण उरलं नाही. शुक्रवार शेवटचा दिवस. एखादा विभाग आपलं काम पुरं करून बंद होतो असं फार क्वचित घडतं. माझ्या टेबलाच्या जागी दोन टेबलं बसतात, असं मोजून झालं आहे.

ऑर्लाला सांगितलं. तिने काही वजा केलं नाही. चहा केला.

रविवार, २ जून

बाबांना फोन. लिस्टोलला ऊन, कुत्रा बरा. मॉस काकांशी आता रोज बोलणं होतं, काका एकेक शब्द शोधून काढतात. नोकरीचं मी सांगितलं नाही. तो विषय निघाला नाही.

बाबा म्हणाले, पेपरातला फोटो कापून स्वयंपाकघरात लावलाय, आईच्या फोटोशेजारी. शेजारपाजारचे येऊन बघून जातात. चांगला आलायस म्हणतात.

मग म्हणाले, “ती शेजारची जागा कोणाची होती, असं विचारत होती पलीकडच्या घरातली नोरा. म्हटलं, विकली गेली नसेल.”

मी म्हटलं, हो.

फोन ठेवला तेव्हा ऑर्ला दारात उभी होती. काय म्हणाले बाबा, तिने विचारलं. मी म्हटलं, फोटो आवडला त्यांना.